एल रोसिओच्या यात्रेची दंतकथा: शिकाऱ्याला सापडलेली मूर्ती आणि तिच्याही आधीचे चर्च

दूरदेशी (मूळ प्रश्न):

दक्षिण स्पेनमधील आन्दालुसिया प्रदेशात, उएल्वा प्रांतातील आल्मोंते गावाच्या हद्दीत, दोन्यानाच्या दलदलीच्या काठावर एल रोसिओ नावाची एक वाडी आहे. एरवी तेथे फार वस्ती नसते, परंतु ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी येणाऱ्या पेंटेकॉस्टच्या सणाला तेथील मारियामातेच्या दर्शनासाठी सुमारे दहा लाख माणसे लोटतात. कोणी पायी येतात, कोणी घोड्यावर, कोणी फुलांनी सजवलेल्या बैलगाड्यांबरोबर अनेक दिवसांची वाट तुडवत येतात. सोमवारच्या पहाटे आल्मोंतेचे तरुण वेदीपुढील लोखंडी जाळीवरून उड्या टाकून आत शिरतात आणि मूर्ती खांद्यावर घेऊन बाहेर पडतात.

या यात्रेच्या उगमाविषयी मी जी कथा ऐकली आहे ती थोडक्यात अशी. एका शिकाऱ्याचे कुत्रे झाडीत एकाच जागी भुंकू लागले, त्याने काटेरी झुडपे बाजूला करून पाहिले तेव्हा झाडाच्या खोडावर मारियेची मूर्ती दिसली, ती उचलून तो गावाकडे निघाला, वाटेत त्याला झोप लागली आणि जागा झाल्यावर पाहतो तर मूर्ती पुन्हा आपल्या मूळ जागी गेलेली. अरबांच्या आक्रमणाच्या वेळी कोणा भाविकाने ती मूर्ती रानात लपवून ठेवली होती आणि ती शेकडो वर्षे तशीच राहिली, असेही सांगितले जाते.

माझे प्रश्न तीन आहेत. ही कथा प्रथम कधी आणि कोणी लिहून ठेवली? या देवस्थानाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख कोणता, आणि तो कथेशी जुळतो का? आणि तिसरा, माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा, की मूर्तीने गावात येण्याचे नाकारले या तपशिलाला कथेत इतके महत्त्व का असावे? ज्यांनी या विषयाचे वाचन केले आहे किंवा ज्यांनी हा सण जवळून पाहिला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

शिलालेख:

आपल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे एकत्र द्यावी लागतील, कारण या देवस्थानाच्या इतिहासातील सगळी गंमत त्या दोन उत्तरांमधल्या अंतरात आहे.

दंतकथेचा जो पाठ आज प्रमाण मानला जातो, तो 1758 मध्ये लिहिला गेला. आल्मोंतेच्या बंधुसंघाने, म्हणजे ज्याला तेथे एर्मान्दाद म्हणतात त्या भक्तमंडळाने, त्या वर्षी आपली नियमावली तयार केली आणि तिच्यात देवस्थानाची जन्मकथा नोंदवली. त्या पाठात घटनेचा काळ स्पष्ट दिला आहे: पंधरावे शतक सुरू झाल्यानंतर. गुरे चारणारा किंवा शिकारीला निघालेला एक माणूस आल्मोंतेच्या हद्दीतील ला रोसिना नावाच्या ठिकाणी होता. त्याचे नाव दिलेले नाही, आणि तो गुराखी होता की शिकारी हेही नियमावली ठामपणे सांगत नाही. माणसाला पाऊल टाकणे अशक्य, केवळ पक्ष्यांना आणि जंगली श्वापदांना मोकळे असे ते रान होते. कुत्र्यांच्या भुंकण्याने तो आत शिरला आणि काट्यांच्या मधोमध, एका झाडाच्या खोडावर, त्याला पुरुषभर उंचीची, अतिशय देखणी मूर्ती दिसली. तिच्या अंगावर पांढरट हिरवट तागाचे वस्त्र होते. त्याने वाट मोकळी करून मूर्ती खांद्यावर घेतली आणि तो तेथून तीन लीग, म्हणजे सुमारे पंधरासोळा किलोमीटर, दूर असलेल्या आल्मोंतेच्या दिशेने निघाला. पुढे झोप लागणे आणि मूर्ती परत जाणे हा भाग आपण लिहिलाच आहे. त्यानंतर त्याने गावात येऊन वर्दी दिली, धर्मगुरू आणि गावचे कारभारी रानात गेले, त्यांनी ऊनपावसात राहूनही जराही न बिघडलेली ती मूर्ती पाहिली, आणि रानात मंदिर बांधून होईपर्यंत तिला गावातील मुख्य चर्चमध्ये आणून ठेवले. मग रानात दहा वारा लांबीचे, म्हणजे जेमतेम साडेआठ मीटरचे, एक छोटे प्रार्थनास्थळ उभे राहिले, आणि ज्या खोडावर मूर्ती सापडली तेच खोड तिची बैठक ठरेल अशा रीतीने वेदी रचण्यात आली.

आता सर्वांत जुना उल्लेख पाहू. कास्तीलचा राजा आकरावा आल्फोन्सो 1350 मध्ये मरण पावला. त्याच्यासाठी शिकारीवर एक मोठा ग्रंथ तयार करण्यात आला होता आणि त्यात राज्यातील शिकारीच्या रानांची जागोजाग माहिती दिली होती. निएब्ला भागातील रोसिनास नावाच्या प्रदेशाविषयी तो ग्रंथ सांगतो की ही भूमी सपाट आहे, सगळीकडे झाडी आहे, रानडुकरे तेथे कायम असतात, परंतु हिवाळा अगदी कोरडा असल्याशिवाय तेथे शिकार करता येत नाही, आणि शिकारीसाठी सर्वांत उत्तम झाडी सांता मारिया दे लास रोसिनास नावाच्या चर्चजवळ आहे. या एका वाक्याने दंतकथेचा काळ कोलमडतो. कथेप्रमाणे मूर्ती 1400 नंतर सापडली आणि तिच्यासाठी प्रार्थनास्थळ बांधले गेले. परंतु 1350 च्या आधीच तेथे मारियेचे चर्च उभे होते आणि शिकाऱ्यांना खूण म्हणून सांगता येईल इतके ते परिचित होते. निएब्लाचे मुस्लिम राज्य दहाव्या आल्फोन्सोने 1262 मध्ये जिंकले, त्यामुळे बहुतेक अभ्यासक या चर्चचा उगम त्यानंतरच्या काही दशकांत, नव्याने मिळालेल्या मुलखात वसाहत करण्याच्या काळात धरतात. मूर्तीची मूळ घडणही गॉथिक शैलीची, साधारण त्याच काळाची मानली जाते. ती आठव्या शतकात कोणी लपवली असेल हे म्हणणे म्हणूनच टिकत नाही.

राजाच्या ग्रंथातील तपशील आणि दंतकथा यांच्यातील एक धागा मात्र मला फार मोलाचा वाटतो. ही खरोखरच शिकारीची भूमी होती. दलदल, काटेरी झाडी, रानडुकरे, माग काढणारे कुत्रे हे सगळे त्या परिसराच्या रोजच्या जीवनातले होते. कथा रचणाऱ्यांनी काळ चुकवला असला, तरी भूमीचे वर्णन त्यांनी चुकवलेले नाही.

ग्वादाल्किविरकाठी:

मी काही वर्षे सेविया शहरात राहिलो आहे, त्यामुळे सणाच्या आजच्या रूपाविषयी थोडे लिहितो, कारण कथेचे पडसाद त्यात ऐकू येतात.

वरील प्रतिसादात म्हटल्याप्रमाणे आल्मोंतेच्या नियमावलीत त्या माणसाला नाव नाही. शेजारच्या व्हियामान्रिके गावात मात्र त्याला नाव आहे: गोरो मेदिना, म्हणजे ग्रेगोरिओ मेदिना, आणि तो शिकारी व्हियामान्रिकेचा होता असे तेथील परंपरा आग्रहाने सांगते. आल्मोंतेच्या बाहेर स्थापन झालेल्या बंधुसंघांमध्ये व्हियामान्रिकेचा संघ सर्वांत जुना मानला जातो आणि तो स्वतःला तसे अभिमानाने म्हणवतो. सेवियाकडून येणारे कित्येक संघ वाटेत व्हियामान्रिकेत थांबतात, चर्चच्या पायऱ्यांवर बैलगाड्या चढवून मानवंदना देतात आणि पुढे जातात. मूर्ती मात्र आल्मोंतेची, आणि तिला खांदा देण्याचा हक्कही आल्मोंतेकरांचाच. तेव्हा सापडवणारा आमचा आणि मालकी तुमची, अशी या दोन गावांमधली जुनी चढाओढ त्या शिकाऱ्याच्या नावात शिल्लक राहिली आहे. तीर्थाच्या जन्मकथेत आपल्या गावाचा माणूस असणे ही तेथे लहान गोष्ट नाही.

आज शंभराहून अधिक बंधुसंघ आहेत. पेंटेकॉस्टच्या आदल्या दिवशी, शनिवारी, प्रत्येक संघ आपली बैलगाडी आणि सिनपेकादो नावाची भरजरी पताका घेऊन देवळासमोर हजेरी लावतो, आणि हा क्रम स्थापनेच्या ज्येष्ठतेनुसार असतो. वारीत दिंड्यांचा मानाचा क्रम ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा क्रम किती गांभीर्याने पाळला जातो हे वेगळे सांगण्याची गरज नाही. सेवियातील त्रियाना वस्तीचा संघ 1813 चा आहे, तरीही तो पहिल्या काही संघांमध्ये येतो. सानलुकारकडील यात्रेकरू ग्वादाल्किविर नदी तराफ्यांवरून ओलांडतात आणि दोन्याना राष्ट्रीय उद्यानातून, वाळूच्या टेकड्या आणि पाइनची झाडी यांमधून येतात. सेवियाकडून येणारे ग्वादियामार नदी केमाच्या उतारावर पार करतात आणि प्रथमच येणाऱ्यांच्या डोक्यावर तेथे नदीचे पाणी घालतात. कथेतील त्या माणसाला जी वाट काट्यांमधून काढावी लागली, ती वाट दरवर्षी पुन्हा चालून जाणे हाच यात्रेकरूंच्या दृष्टीने सणाचा अर्धा भाग आहे, आणि बासरी व ढोल वाजवणारा तांबोरिलेरो त्या वाटेवर सतत सोबत असतो.

पारंबी:

शिलालेख यांचे विवेचन मला पटले, परंतु त्यातून निघू शकणाऱ्या एका निष्कर्षाला माझी हरकत आहे. दंतकथा 1758 मध्ये लिहिली गेली, म्हणून ती 1758 मध्ये जन्मली असे ठरत नाही. आल्मोंतेसारख्या गावात लोकांच्या तोंडी असलेली कथा कागदावर येण्यास दोनशे वर्षे लागली असतील, तर त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. नियमावली लिहिणाऱ्यांनी अलंकारिक भाषा वापरली असेल, परंतु कुत्र्यांचे भुंकणे, झाडाचे खोड, थकून झोपलेला माणूस हे तपशील मुखपरंपरेचे वाटतात. ते कोणा पंडिताने टेबलाशी बसून रचलेले वाटत नाहीत.

शिवाय स्पेनमध्ये अशा कथांचे एक मोठे कूळ आहे आणि रोसिओची कथा त्या कुळातली आहे. एस्त्रेमादुरा प्रदेशात ग्वादालुपेच्या मारियेची मूर्ती हिल कोर्देरो नावाच्या गुराख्याला नदीकाठी, हरवलेली गाय शोधताना मिळाली असे सांगतात; तेथेही मूर्ती अरब आक्रमणाच्या काळात लपवली गेली होती असे मानतात. आन्दुहारजवळच्या डोंगरावर 1227 मध्ये कोलोमेराच्या मेंढपाळाला, हुआन आलोन्सो दे रिवास याला, कबेसाच्या मारियेची मूर्ती सापडली आणि त्याचा निकामी हात बरा झाला, अशी तेथील कथा आहे. कातालोनियातील मोन्त्सेरातच्या कथेत मेंढपाळ मुलांना 880 मध्ये डोंगरावर दिवे दिसले, गुहेत मूर्ती सापडली, आणि बिशप ती खाली मानरेसाला नेऊ लागले तेव्हा ती इतकी जड झाली की जागची हलेना. आपल्याकडे स्वयंभू देवस्थानांच्या कथा ऐकत वाढलेल्या माणसाला हे सगळे ओळखीचे वाटेल.

या सर्व कथांमध्ये सापडवणारा माणूस गरीब, एकटा आणि गावाबाहेरचा आहे. धर्मगुरू आणि कारभारी नेहमी नंतर येतात, आणि त्यांना त्या साध्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. सामान्य माणसांनी या कथा शतकानुशतके का जपल्या, याचे उत्तर मला येथेच दिसते. म्हणून काळाचा हिशेब जुळत नाही एवढ्यावरून कथेला बाजूला ठेवणे मला योग्य वाटत नाही.

दूरदेशी:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चर्च कथेहून जुने आहे हे मला अजिबात ठाऊक नव्हते. तरी माझा तिसरा प्रश्न अद्याप शिल्लक आहे. मोन्त्सेरातचा डोंगर दुर्गम असला तरी निदान पाहताक्षणी पवित्र वाटावा असा आहे. रोसिओ मात्र पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या सपाट दलदलीच्या काठावर आहे. गाव तीन लीग दूर असताना देवस्थान तेथेच राहावे असा हट्ट कोणाचा, आणि तो कशासाठी? तसेच, पूर्वी या मारियेला रोसिनासची मारिया म्हणत असत, ते नाव कधी बदलले?

शिलालेख:

पारंबी यांच्या हरकतीत तथ्य आहे. कथेचा गाभा 1758 च्या आधीचा असू शकतो, आणि ग्वादालुपे, मोन्त्सेरात यांच्याशी असलेले साम्य पाहता तो तसा असण्याचीच शक्यता अधिक आहे. मला जे मांडायचे आहे ते थोडे वेगळे आहे. कथेचा गाभा कितीही जुना असो, 1758 मध्ये ती ज्या शब्दांत आणि ज्या तपशिलांसह लिहिली गेली, ते शब्द आणि ते तपशील त्या वर्षाच्या आल्मोंतेचे आहेत. दूरदेशी यांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला तेथेच सापडते.

प्रथम नावाविषयी. सोळाव्या शतकात देवस्थान मोडकळीस आलेले होते आणि त्याला नवे बळ अगदी अनपेक्षित ठिकाणाहून मिळाले: पेरूमधील लिमा शहरातून. सेवियाचा मूळ रहिवासी असलेल्या बाल्तासार तेर्सेरो याने दिलेल्या पैशातून 1587 मध्ये तेथे कायमच्या पूजाअर्चेसाठी धर्मगुरूची नेमणूक झाली. दक्षिण अमेरिकेत नशीब काढायला गेलेल्या एका माणसाला दलदलीतील त्या चर्चची आठवण होती, यावरून त्याची ख्याती परिसरात किती रुजलेली होती हे कळते. पुढे 1649 मध्ये सेवियात प्लेगची भयंकर साथ आली आणि शहराची सुमारे निम्मी वस्ती त्यात दगावली. त्यानंतर चारच वर्षांनी, 29 जून 1653 रोजी, आल्मोंतेने या मारियेला आपली पालनकर्ती म्हणून जाहीर केले आणि तिच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या श्रद्धेचे रक्षण करण्याची शपथ घेतली. याच सुमारास रोसिनास हे नाव मागे पडून रोसिओ हे नाव रूढ झाले आणि पूर्वी सप्टेंबरमध्ये होणारा सण पेंटेकॉस्टला, पवित्र आत्म्याच्या अवतरणाच्या सणाला, जोडला गेला. या मारियेला लोक प्रेमाने ब्लांका पालोमा, म्हणजे शुभ्र कबुतर, म्हणतात, त्याचे कारणही हा पवित्र आत्म्याशी असलेला संबंधच होय.

आता 1758 च्या पाठातील काट्यांकडे पुन्हा पाहावे. मूर्ती काट्यांमध्ये सापडली असे सांगून लेखक थांबत नाही. पापाच्या काट्यांनी स्पर्श न केलेली लिली तेथे सापडली असे तो म्हणतो, आणि लगेच झुडपांमधील मूर्तीला मूळ पापाच्या, म्हणजे प्रत्येक माणूस जन्मतःच घेऊन येतो असे मानलेल्या पापाच्या, ज्वाळांतही न जळलेल्या झुडपाची उपमा देतो, म्हणजे मोशेला दिसलेल्या जळत्या झुडपाची आठवण करून देतो. मारिया जन्मतःच मूळ पापापासून मुक्त होती हा सिद्धान्त रोमने अधिकृतपणे 1854 मध्ये जाहीर केला, परंतु सेविया आणि तिच्या आसपासचा मुलूख त्याच्या दोन शतके आधीपासून त्यासाठी हिरिरीने उभा होता, आणि आल्मोंतेने तर 1653 मध्ये त्याची शपथच घेतलेली होती. रोसिनाची काटेरी झाडी हे खरे रान होते, यात मला शंका नाही. परंतु 1758 च्या लेखकाने त्या रानाला गावाच्या शपथेचा अर्थ दिला आणि भूगोलाचे रूपांतर धर्मविचारात केले. ऊनपावसात राहूनही मूर्ती बिघडली नाही हा तपशीलही त्याच ओघातला आहे.

आता दलदलीविषयी. 1 नोव्हेंबर 1755 रोजी लिस्बनचा प्रसिद्ध भूकंप झाला. त्याचे धक्के आन्दालुसियाच्या किनाऱ्यालाही जोरात बसले आणि रोसिओचे जुने देऊळ त्यात उद्ध्वस्त झाले. मूर्ती आल्मोंतेच्या गावातील चर्चमध्ये आणावी लागली आणि नवे देऊळ बांधून होईपर्यंत, 1760 पर्यंत, ती तेथेच राहिली. याचा अर्थ असा, की बंधुसंघाने 1758 मध्ये नियमावली लिहिली तेव्हा मारिया गावात होती, तिचे रानातले घर पडलेले होते आणि ते पुन्हा बांधायचे होते. या परिस्थितीत तिला आता गावातच ठेवावे, एवढ्या दूर दलदलीत पुन्हा खर्च कशाला करावा, असा विचार कोणाच्याही मनात येणे अगदी स्वाभाविक होते. आणि नेमक्या त्याच वेळी लिहिलेली कथा सांगते की मारियेने एकदा गावाकडे येण्याचे नाकारले होते, आणि रानात मंदिर होईपर्यंत तेवढ्यापुरते तिला गावच्या चर्चमध्ये ठेवले होते. कथेतील हा शेवटचा तपशील 1758 च्या प्रत्यक्ष स्थितीशी इतका तंतोतंत जुळतो, की तो योगायोग असेल असे मला वाटत नाही. हे माझे अनुमान आहे, परंतु त्या दृष्टीने पाहिले की मूर्ती परत जाण्याचा प्रसंग कथेचा कणा का आहे ते उमगते.

एक व्यावहारिक बाजूही आहे. रोसिओ हे अनेक गावांच्या वाटांवर आहे. व्हियामान्रिके, पिलास, इनोहोस, सानलुकार अशी कितीतरी गावे तेथे सारख्याच हक्काने येऊ शकत होती. मूर्ती आल्मोंतेच्या मुख्य चर्चमध्ये कायमची बसली असती, तर ती एका गावाची ग्रामदेवता होऊन राहिली असती. रानात राहिल्यामुळे ती सर्वांची झाली, आणि आल्मोंतेचा हक्क मान्य करूनच झाली. कथेत हा तोल फार नेमका साधला आहे: मूर्ती आल्मोंतेच्या हद्दीत सापडते, आल्मोंतेचे कारभारी तिचा स्वीकार करतात, पण तिचे घर रानातच राहते.

1760 चे ते देऊळ 1963 मध्ये पाडण्यात आले, कारण वाढत्या गर्दीला ते पुरत नव्हते; आजचे पांढरे शुभ्र, शिंपल्याच्या आकाराची भव्य कमान असलेले देऊळ 1969 मध्ये खुले झाले. योगायोगाने दोन्याना राष्ट्रीय उद्यानाची स्थापनाही त्याच वर्षीची आहे. ज्या रानाला कथेने अभेद्य म्हटले, त्या रानाला कायद्याचे संरक्षण त्याच वर्षी मिळाले.

ग्वादाल्किविरकाठी:

शिलालेख यांच्या अनुमानाला पुष्टी देणारी एक प्रथा सांगतो. मूर्ती गावात कधीच येत नाही असे नाही. दुष्काळ, रोगराई, युद्ध अशा संकटांत तिला आल्मोंतेला आणण्याचा प्रघात सतराव्या शतकापासून दिसतो, आणि 1949 पासून तो दर सात वर्षांनी ठरलेला आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मूर्तीला मेंढपाळ स्त्रीचा वेश चढवतात, धुळीपासून जपण्यासाठी तिचा चेहरा आणि अंग वस्त्राने झाकतात आणि रात्रभर खांद्यावरून चालत तिला गावाकडे नेतात. पहाटे गावाच्या वेशीवर, एल चापार्राल येथे, बंदुकांच्या बारांच्या गजरात चेहऱ्यावरचे वस्त्र दूर केले जाते. मग सुमारे नऊ महिने ती गावात राहते आणि पुढच्या पेंटेकॉस्टच्या आधी रानात परत जाते. 2019 मध्ये ती अशीच गावात आली, परंतु कोविडच्या साथीमुळे परत जाण्यास तिला 2022 उजाडले. तेव्हा गावकऱ्यांना आनंदही झाला होता आणि रानातले देऊळ सुने आहे याची रुखरुखही होती. कथेतील शिकारी जे एका दमात करू शकला नाही, ते गाव आता परवानगीने, मुदतीने आणि परत पाठवण्याच्या बोलीने करते.

अबोली:

वरील चर्चेत एक गोष्ट राहून गेली आहे, आणि ती दूरदेशी यांच्या प्रश्नाशी जवळची आहे. रोसिओला दुसरा एक लहान सण आहे, त्याला रोसिओ चिको म्हणजे धाकटा रोसिओ म्हणतात, आणि त्याच्या उगमाची कथा आपल्याला कागदपत्रांच्या प्रकाशात पाहता येते.

नेपोलियनच्या फौजा आन्दालुसियात असताना, ऑगस्ट 1810 मध्ये, स्पॅनिश लढवय्यांच्या एका टोळीने आल्मोंतेतील फ्रेंच तुकडीवर हल्ला केला आणि तिचा कॅप्टन मारला गेला. सूड म्हणून गाव उद्ध्वस्त करण्याचा आणि गावकऱ्यांना ठार मारण्याचा हुकूम निघाला आणि फौज आल्मोंतेच्या दिशेने निघाली. गावकऱ्यांनी मारियेचा धावा केला. फौज जवळच्या पिलासपर्यंत आली, परंतु तेथून तिला दुसरीकडे वळवण्यात आले आणि आल्मोंते वाचले. गावाने या सुटकेबद्दल दरवर्षी 19 ऑगस्टला रोसिओला जाऊन कृतज्ञता व्यक्त करण्याचा नवस बोलला, आणि तो आजही पाळला जातो. या सणाला दहा लाखांची गर्दी नसते. तो मुख्यतः आल्मोंतेकरांचा घरचा सण आहे.

सैन्य का वळले याचे लष्करी कारण इतिहासकार देऊ शकतात, कारण त्या काळात फौजांना वारंवार अशा हालचाली कराव्या लागत. परंतु आपली माणसे मारली जाणार हे ठाऊक असून रात्र काढलेल्या गावाने त्या सुटकेकडे कृपा म्हणूनच पाहावे, यात मला काहीही अस्वाभाविक वाटत नाही. येथे नवसाची नोंद आहे, साल आहे, शत्रूचे नाव आहे. मोठ्या यात्रेच्या मुळाशीही असाच एखादा प्रसंग असू शकेल: 1262 नंतर त्या नव्या, धोक्याच्या, पाणथळ मुलखात वस्ती करायला आलेल्या मूठभर माणसांचा एखादा नवस किंवा एखादी सुटका, ज्याची नोंद करणारे तेव्हा तेथे कोणी नव्हते. पारंबी म्हणतात तशी कथा मुखपरंपरेने जुनी असेल, तर तिच्यात त्या पहिल्या वस्तीची आठवण शोधावी लागेल, आणि त्यासाठी शिकाऱ्यापेक्षा त्या रानाकडे, कोरड्या हिवाळ्यावाचून जेथे जाता येत नसे त्या वाटांकडे, अधिक लक्ष द्यावे असे मला वाटते. निएब्लाच्या विजयानंतर त्या भागात जमिनी कशा वाटल्या गेल्या याविषयी कोणी वाचले असल्यास जरूर लिहावे.